जुना लॅपटॉप चालूच होईना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर रोज जे प्रश्न येतात, त्यांची ही उत्तरं. लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा, वॉरंटी केव्हाच संपलेली, आणि त्यात कुणाचं टॅली, कुणाचा प्रोजेक्ट, कुणाच्या मुलाच्या बारशापासूनचे फोटो. घरी बिनखर्चात काय बघता येतं आणि कुठे हात थांबवायचा, दोन्ही सांगितलंय.

बटण दाबलं तरी काहीच होईना. सुरुवात कुठून करू?

"लॅपटॉप मेला" म्हणून जे आणलं जातं त्यात तीन वेगवेगळे आजार असतात. एक, लॅपटॉपपर्यंत वीजच पोचत नाही. दोन, वीज पोचते, मशीन आतून चालू होतं, पण स्क्रीनवर काही दिसत नाही. तीन, स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं, पण विंडोज उघडत नाही. तिघांचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. इथे मुख्यतः पहिल्या दोघांबद्दल सांगितलंय. त्यामुळे आधी आपला आजार कोणता ते ठरवा.

खोलीत शांतता करा, पंखा बंद करा. चार्जर लावा, बटण दाबा आणि लॅपटॉपच्या बाजूला कान लावा. आतला पंखा फिरल्याचा आवाज येतो का? हवा बाहेर येण्याच्या जाळीपाशी हात धरल्यावर दोन-तीन मिनिटांनी ऊब लागते का? कॅप्स लॉकचं बटण दाबल्यावर त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? तो दिवा तुमच्या बोटाबरोबर चालू-बंद होत असेल तर मशीन जिवंत आहे, अडचण फक्त दिसण्याची आहे. यांतलं काहीच नसेल तर पहिला आजार धरा आणि चार्जरपासून सुरू करा.

चार्जर चांगला आहे की गेलाय, घरच्या घरी कसं कळेल?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त हाल चार्जरचेच झालेले असतात.

आधी भिंतीतलं सॉकेट. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड मधे असेल तर काढून टाका. मग चार्जरच्या चौकोनी डब्यात खुपसायची जी जाड वायर असते, तिचं तीन भोकांचं टोक बाहेर काढून पुन्हा घट्ट दाबा. ते टोक सैल होऊन वीज तुटते आणि माणूस लॅपटॉप घेऊन नवी पेठेपर्यंत येतो. टेबलावर दुसरी वायर लावली की लॅपटॉप चालू.

मग डब्यातून लॅपटॉपकडे जाणारी बारीक वायर बोटांनी चाचपत जा. डब्यातून ती जिथे बाहेर पडते तिथे आणि लॅपटॉपच्या पिनपाशी, या दोन ठिकाणी ती आतून तुटते. वरचं रबर शाबूत दिसतं, पण वाकवलं की आत पोकळ लागतं. वायर एका विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्जिंग होत असेल तर तुटकी वायर किंवा सैल झालेला डीसी जॅक (लॅपटॉपचं पिन खुपसायचं भोक), दोहोंपैकी एक नक्की. असं धरून-धरून वापरू नका. तिथे ठिणगी पडते आणि जॅक जळतो.

घरात मल्टिमीटर असेल तर डायल डीसीच्या २०० व्होल्टवर ठेवा. २० वर ठेवलात तर २० व्होल्टच्या चार्जरला साधा मीटर नुसता १ दाखवतो आणि माणूस चार्जर गेला असं समजतो. लाल टोक पिनच्या आतल्या बाजूला, काळं बाहेरच्या धातूला लावा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच पिनांमध्ये मधोमध सुईसारखी तार असते. ती पॉवरची नाही. त्या पिनेत लाल टोक नळीच्या आतल्या भिंतीला टेकवायचं. चार्जरच्या लेबलवर आउटपुटसमोर १९, १९.५ किंवा २० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढंच जवळपास दिसलं पाहिजे. शून्य, किंवा सारखा वर-खाली होणारा आकडा दिसला तर चार्जर गेला. आकडा बरोबर दिसला तरी चार्जर शंभर टक्के चांगला असं मात्र म्हणता येत नाही. काही चार्जर मोकळे असताना पूर्ण व्होल्टेज देतात आणि लॅपटॉपचा भार आला की बसतात. खात्री हवी तर तशाच मॉडेलचा चालू चार्जर लावून बघणं हाच उपाय.

मधली ती सुई वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप बहुधा चालतो, पण चार्जर ओळखत नाही, बॅटरी भरत नाही आणि मशीन मुद्दाम हळू चालतं. लोक बॅटरी बदलतात, आणि तक्रार तशीच राहते.

चार्जरचा हिरवा दिवा लागतो, पण लॅपटॉपला पिन लावली की दिवा विझतो. असं का?

बहुधा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे. चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पिन काढून सॉकेट बंद करून थोड्या वेळाने चालू केलं की दिवा परत येतो. दुसऱ्या चांगल्या चार्जरनेही हेच होत असेल तर प्रयोग तिथेच थांबवा, पुन्हा पुन्हा पिन लावू नका. हे बोर्डाचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटचं काम आहे. पण घाबरूही नका. पुष्कळदा पॉवरच्या वाटेवरचा कपॅसिटर किंवा मॉस्फेट असा एखादा छोटा भाग शॉर्ट झालेला असतो आणि तेवढाच बदलून बोर्ड उठतो.

शेजाऱ्यांचा चार्जर लावून बघू का? मोबाइलचा फास्ट चार्जर चालेल?

लेबल वाचून लावा. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं होत नाही. व्होल्ट सारखेच पाहिजेत, १९ च्या जागी १९.५ चालतं. अँपिअर आपल्या चार्जरइतके किंवा जास्त पाहिजेत. जास्त असल्याने लॅपटॉप जळत नाही, तो लागेल तेवढाच करंट ओढतो. उलट कमी अँपिअरचा चार्जर तापतो.

जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लागतच नाही. टाइप-सी वर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर बहुतेक मॉडेलना २० व्होल्ट आणि ४५ किंवा ६५ वॉट देणारा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो. मोबाइलचे पुष्कळ चार्जर तिथपर्यंत जातच नाहीत.

सगळे सांगतात बॅटरी काढून तीस सेकंद बटण दाब. त्याने खरंच काही होतं का?

होतं, आणि पैसा लागत नाही, म्हणून चार्जर तपासून झाला की हेच करा. तुम्ही जे बटण दाबता ते थेट प्रोसेसर चालू करत नाही. एक छोटी कंट्रोलर चिप ते बटण वाचते आणि पुढच्या पॉवरला परवानगी देते. व्होल्टेजचा झटका आला किंवा बॅटरी अर्धवट उतरली की ही चिप कधी कधी अडकते. मग बटण कितीही दाबा, ऐकणारंच कुणी नसतं. तिची पूर्ण वीज तोडली की ती नव्याने सुरू होते.

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटरची वायर, मेमरी कार्ड सगळं काढा. बटण ३० सेकंद दाबून धरा. आता बॅटरी न लावता फक्त चार्जर लावून चालू करा. चालू झाला तर बॅटरी किंवा तिचा जोड संशयित.

बॅटरी आत असेल तर चार्जर काढून बटण ४० सेकंदांपर्यंत दाबून धरा. बऱ्याच थिंकपॅडच्या तळाला टाचणीएवढं रिसेटचं भोक असतं. चार्जर काढून त्यात पेपरक्लिपचं टोक काही सेकंद दाबायचं. इंटेलवाल्या आणि बॅटरी आत असलेल्या जुन्या मॅकबुकमध्ये डावीकडची शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर ही चारही बटणं दहा सेकंद धरतात.

लै दिवस कपाटात पडून होता. आता काढला तर काहीच नाही.

लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. फारच खाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करून टाकतं. चार्जर लावून अर्धा-एक तास तसाच ठेवा, मग बटण दाबा. पहिल्या मिनिटात दिवा लागला नाही म्हणून निराश होऊ नका. मात्र जवळ बसून राहा. हात लावून बॅटरीची जागा गरम लागली तर काढून घ्या.

आत घड्याळ चालवणारा ३ व्होल्टचा सेलही असतो, बहुधा सीआर २०३२. तो मेला तरी बहुतेक लॅपटॉप चालू होतात, फक्त तारीख चुकते. काही जुनी मॉडेल मात्र त्याच्यावरून अडून बसतात. सेल स्वस्त आहे, उघडलाच असेल तर बदलून टाका.

खालचं झाकण वर आलंय, टचपॅड दाबत नाही.

बॅटरी फुगली आहे. चार्जर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. झाकण दाबून बसवायचं नाही, बॅटरीला टोचायचं नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचंही नाही. आतला वायू बाहेर काढावा म्हणून टाचणी मारणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका, ती पेट घेते. जाणकाराकडून काढून घ्या. गादीवर किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका, फरशीवर मोकळं ठेवा. कचऱ्याच्या घंटागाडीतही टाकू नका.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच.

हा दुसरा आजार, आणि यात निम्मी भीती फुकटची असते.

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक चित्र किंवा अक्षरं दिसली तर लॅपटॉप पूर्ण चालू आहे, फक्त स्क्रीनमागचा प्रकाश गेलाय. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यातला लॅपटॉप असाच आला होता. वर्षाचा हिशेब त्यात, मालकांचा चेहरा उतरलेला. टॉर्च धरल्यावर टॅलीचं चिन्ह काचेच्या मागे पुसट दिसलं. तिथल्या तिथे केबल लावून दुकानातल्या टीव्हीवर सगळा हिशेब उघडून दाखवला. स्क्रीनचं काम नंतर सावकाश झालं.

तुम्हीही एचडीएमआय किंवा जुनी निळी व्हीजीए केबल लावून टीव्हीवर बघा. तिथेही काही नसेल तर रॅमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा नंबर लागतो. खालचं झाकण उघडायची सवय असेल तरच पुढचं करा. चार्जर काढलेला असला पाहिजे, आणि आतल्या बॅटरीचा कनेक्टर आधी सुटा केला पाहिजे. हे चुकवून रॅम ओढली तर बोर्डच जाऊ शकतो. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबा, पट्टी आपोआप तिरकी वर येते. सोनेरी दात स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, रबराचा भुगा ब्रशने झटका, तिरकी घालून टक् आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत. रॅम हलवल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन यायला जास्त वेळ लागू शकतो, तेवढं थांबा.

आपल्याकडच्या कोरड्या धुळीत रॅमचे दात काळवंडतात. हे एवढंसं काम करून उठलेले लॅपटॉप पुष्कळ आहेत.

बीप बीप वाजतं, किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो.

लॅपटॉप स्वतःच दुखणं सांगतोय. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, आवाजासकट. किती वेळा, कोणत्या रंगाचा दिवा, लांब की आखूड, हे सगळं महत्त्वाचं. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते, म्हणून मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा. दुसऱ्या कंपनीचा अर्थ इथे लावू नका.

चालू होतो आणि दोन-चार मिनिटांत आपोआप बंद पडतो.

उष्णता. आणि सोलापुरात त्याचं एक खास कारण आहे. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या, टॉवेलच्या, युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांच्या ऑफिसमधले लॅपटॉप उघडले की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे कापसाच्या तंतूंचा थर निघतो, चिमट्याने उचलला तर चादरीच्या तुकड्यासारखा अखंड. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, थर आतल्या बाजूला असतो. हवा जात नाही, प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचतो आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःला बंद करतं.

एप्रिल-मे मध्ये शहराचा पारा ४० च्या वर जातो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून, भर दुपारी चालवला तर तो बंद पडणारच. मागाशेजारी ऑफिस असेल तर वर्षातून दोनदा उघडून साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदला. घरी ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग जातं.

लाइट गेली-आली आणि तेव्हापासून बंद आहे.

लाइट डिम झाल्याने लॅपटॉप सहसा जळत नाही. चार्जरवर लिहिलेलं असतं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे २३० चे १८० झाले तरी तो निभावतो. मारतो तो लाइट परत येतानाचा झटका आणि वीज पडल्यावरचा. लाइट गेली की चार्जर सॉकेटमधून काढायची सवय लावा, आणि आल्यावर पाच मिनिटं थांबा. वळवाचा पाऊस येताना ढग गडगडू लागले की चार्जर आणि वायफायची लॅन केबल दोन्ही काढा. लॅनमधून आलेल्या विजेनेही बोर्ड जातात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

झटक्यानंतर बंद पडला असेल तर आधी फक्त चार्जर गेलाय असं धरून वरची तपासणी करा. पुष्कळदा चार्जर स्वतः मरतो आणि लॅपटॉप वाचतो.

हात लावला की मुंग्या येतात, झिणझिण होतं.

तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जुगाडात लावलाय. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो. त्यात पाणी घाला आणि वायरमनकडून तपासून घ्या. हा प्रश्न लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांसाठी मोठा आहे.

चहा सांडला. तांदळात ठेवलाय.

बाहेर काढा. तांदूळ काय, ज्वारी काय, धान्याने आतला चहा निघत नाही, उलट कण आत जातात. साखर आणि दूध बोर्डावर सुकतं, गंज धरतो, आणि आज चालणारा लॅपटॉप पंधरा दिवसांनी बंद पडतो. सांडल्या क्षणी चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, लॅपटॉप उघडून तंबूसारखा उलटा ठेवा. "चालतोय का बघू" म्हणून चालू करू नका, नुकसान तिथेच होतं. त्याच दिवशी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन घ्या.

लॅपटॉप गेला तर जाऊ दे. आतला डेटा मिळेल का?

बहुतेक वेळा हो. डेटा बोर्डात नसतो, हार्ड डिस्कमध्ये किंवा एसएसडीमध्ये असतो. ती काढून यूएसबी केसमध्ये (डिस्क बसवायच्या छोट्या डबीत) घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हसारखी उघडते. केस घेताना डिस्क सोबत न्या. अडीच इंची साटा, एम-टू साटा आणि एनव्हीएमई या डिस्कच्या प्रकारांच्या केस वेगवेगळ्या असतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र स्टोरेज बोर्डालाच चिकटवलेलं असतं. तिथे डेटासाठीही आधी बोर्डच उठवावा लागतो.

अडचण आणखी एक येते. विंडोजने डिस्क लॉक केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला होता, त्या अकाउंटमध्ये मिळते. मुलाच्या कॉलेजच्या ईमेलने सुरू केला होता आणि कॉलेज संपून तो ईमेल बंद झाला, असं झालं की काम फार अवघड होतं. ही की आजच, लॅपटॉप चालू असताना, कागदावर उतरवून घ्या.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तिला एकदाही चालू करू नका. कोणतंही सॉफ्टवेअर लावू नका.

दुकानात सांगितलं, बोर्ड गेला, चिप गरम करून देतो.

बोर्ड गेला म्हणजे काय गेलं ते विचारा. शॉर्ट आहे, बायोस (मशीन सुरू करून देणारा आतला प्रोग्राम) गेलंय, की ग्राफिक्स चिप? बायोसचा प्रोग्राम पुन्हा लिहिता येतो, शॉर्ट काढता येतो. चिपला नुसती हीट मारून चालू केलेला लॅपटॉप मात्र सहसा टिकत नाही. काही दिवस, फार तर काही महिने. डेटा काढण्यापुरता तो उपाय मी मान्य करतो, दुरुस्ती म्हणून पैसे देऊन घेऊ नका. चिप बदलणं हे खरं काम, आणि जुन्या मशीनला तेवढा खर्च परवडतो का याचा हिशेब आधी करा.

एवढा खर्च करून जुना लॅपटॉप ठेवावा का?

चार्जर, जॅक, रॅम, बॅटरी, साफसफाई इथपर्यंत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ठेवा. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की टॅली, झेरॉक्स सेंटर, मुलांचा अभ्यास एवढं तो आरामात ओढतो. बोर्डाचा खर्च सेकंडहँड लॅपटॉपच्या निम्म्यावर गेला तर थांबा.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा बहुधा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याआधीच्या मशीनवर बँकेचं काम करायचं असेल तर लिनक्स मिंटसारखी सिस्टिम टाकून घ्या.

अगदीच संपला असेल तर डिस्क काढून ठेवा आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

दुरुस्तीला नेताना काय न्यावं?

चार्जर आणि त्याची जाड वायर, दोन्ही. बंद पडण्याआधी काय झालं ते खरं सांगा. चहा सांडला असेल तर तेही. लपवलं तर तपासणीत तासभर वाया जातो आणि खर्च तुमचाच वाढतो. डेटा महत्त्वाचा असेल तर फॉरमॅट करायचं नाही असं पावतीवर लिहून घ्या. अंदाज सांगितल्याशिवाय काम सुरू करू नका, हेही आधीच बजावून ठेवा.